रेषांनी घडवलेले छायाचित्र

व्हेक्टर चित्र म्हणजे आकड्यांत मांडलेली रेषा. संगणकातला फोटो लाखो चौकोनी ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा बनलेला असतो. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात. रेषा कुठून निघते, कशी वळते, कुठे मिटते आणि तिने वेढलेल्या जागेत कोणता रंग भरायचा, एवढेच फाईलमध्ये नोंदलेले असते. चित्र मोठे केले की संगणक तेच गणित नव्या मापाने सोडवतो, म्हणून कड फाटत नाही. बोधचिन्हे, अक्षरे, नकाशे यांना ही पद्धत फार मानवते, कारण तिथे सपाट रंग आणि स्वच्छ कडाच हव्या असतात. पण याच साधनाने गालावरची मऊ छाया, सोन्याची झळाळी आणि डोळ्यातला ओलावाही उभा करता येतो, इतका की पाहणाऱ्याला तो फोटोच वाटावा. असे वास्तवदर्शी व्हेक्टर चित्र काढायला चिकाटी लागते, आणि त्याहून जास्त लागते ती छाया कुठे संपते हे ओळखणारी नजर.

ठिपक्यांची ही पद्धत मुंबईतल्या काळाचौकीला नवी नाही. दत्ताराम लाड मार्गाच्या आसपासच्या गिरण्यांत पिढ्यानपिढ्या कापड विणले गेले. मागावरच्या नक्षीचा आराखडा चौकटीच्या कागदावर काढतात. उभा ताणा आणि आडवा बाणा जिथे एकमेकांना छेदतात ती प्रत्येक जागा म्हणजे एक घर, आणि ते घर भरायचे की रिकामे ठेवायचे एवढाच प्रश्न. पिक्सेलचे चित्र हे असे घराघरांचे असते. घरे मोजकीच असल्यामुळे ते ताणले की घरे दिसू लागतात.

गिरण्या बंद पडल्या तरी चित्रांची गरज या भागात कमी झाली नाही. लालबाग, परळ, काळाचौकी हा सार्वजनिक गणेशोत्सवाचा बालेकिल्ला. इथल्या एखाद्या मंडळाचे गणपतीचे चित्र पावती पुस्तकावर बोटाच्या पेराएवढे छापले जाते, कार्यकर्त्यांच्या टी-शर्टवर पंजाएवढे, अहवालाच्या मुखपृष्ठावर पानभर आणि आगमन सोहळ्याच्या फ्लेक्सवर २० फूट रुंद. २० फूट बाय १० फुटांचा फलक इंचाला ७२ ठिपके या बेताच्या हिशोबाने धरला, तरी रुंदीत १७,२८० आणि उंचीत ८,६४० ठिपके लागतात, म्हणजे जवळजवळ १५ कोटी. छपाईच्या चार रंगांत ती फाईल सुमारे ६०० मेगाबाइटची होते. मोबाइलवर आलेला फोटो ताणून हा फलक छापला, तर बाप्पाच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात. व्हेक्टर चित्र मात्र पेराएवढे असो वा २० फुटी, त्याची कड तितकीच धारदार राहते.

छायेचे तुकडे पाडून चित्र उभे करण्याची विद्या मुंबईत संगणकाच्या कितीतरी वर्षे आधी आली. राजा रविवर्मा यांचा शिळामुद्रणाचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. शिळामुद्रणात प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागतो. तैलचित्रातल्या लक्ष्मीच्या गालावर गुलाबी कुठे चढतो, पिवळा कुठे मागे सरतो, निळसर सावली कुठून सुरू होते, हे सारे कारागिराने नजरेने वेगळे करायचे आणि एकेका दगडावर उतरवायचे. सगळे दगड एकावर एक छापून झाले की चेहरा उमलायचा. सॉफ्टवेअरमधला थर, म्हणजे लेयर, नेमके हेच काम करतो. नंतरच्या काळात दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी आणि दिनदर्शिकांनी मराठी घरांना तुकतुकीत कांतीच्या चित्रांची सवय लावली. रस्त्यावरचे सिनेमाचे फलक रंगवणारे पेंटर छोट्या फोटोवर घरे पाडून तो भिंतीएवढा करत. मकबूल फिदा हुसेन यांनीही मुंबईतल्या उमेदवारीच्या काळात असे फलक रंगवले. जवळून पाहावे तर नुसते रंगाचे पट्टे, आणि रस्त्यापलीकडून पाहावे तर नायकाचा चेहरा. छाया कुठे तोडली तर लांबून जुळून दिसेल, हे त्या पेंटरांना पक्के ठाऊक असे. आज सॉफ्टवेअरमधले पेन टूल हातात धरणाऱ्याला शिकायचे असते ते हेच.

रेषेचे गणित मात्र मोटारींच्या कारखान्यांतून आले. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीतले पॉल द कास्तेल्झो आणि रेनो कंपनीतले पियेर बेझिए यांनी गाडीच्या पत्र्याचे बाक आकड्यांत मांडण्यासाठी एकाच प्रकारचा वक्र एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधला. नाव बेझिएचे राहिले. या वक्राला चार बिंदू असतात. दोन टोकाचे, ज्यांतून रेषा प्रत्यक्ष जाते, आणि दोन बाहेरचे, जे रेषेला आपल्याकडे ओढतात. बाहेरच्या बिंदूंकडे जाणाऱ्या दांड्यांना हँडल म्हणतात. अडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेने १९८४ साली हा वक्र छपाईत आणला. १९८७ साली इलस्ट्रेटर आले आणि १९८९ साली कोरल ड्रॉ. मुंबईतल्या डीटीपीच्या दुकानांत ‘कोरल’ इतके रुळले की कित्येक ठिकाणी चित्राच्या फाईलला सरसकट ‘सीडीआर’च म्हणतात. पैसे न मोजता वापरता येणारे इंकस्केप २००३ पासून उपलब्ध आहे, आणि शिकणाऱ्याची सुरुवात त्यावर उत्तम होते.

वास्तवदर्शी चित्राचा पाया म्हणजे संदर्भाचा फोटो. गणपतीच्या मूर्तीचा मंडपातला फोटो या कामाला सहसा निरुपयोगी ठरतो. तिथे चहूबाजूंनी रंगीत दिवे असतात, त्यामुळे एकाच सोंडेला तीन सावल्या पडतात आणि मोबाइलच्या फ्लॅशने उरलासुरला उठाव सपाट होतो. मूर्ती कारखान्यात असताना, शेला आणि हार चढण्याआधी, एका बाजूने येणाऱ्या दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो सर्वांत चांगला. त्यासाठी मंडळाची आणि मूर्तिकाराची परवानगी घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मूर्ती आणि फोटो या दोन्हींना कलाकृती मानले आहे. त्यामुळे इंटरनेटवरून उचललेल्या फोटोवर रेषा गिरवल्याने तो आपला होत नाही.

फोटो सर्वांत खालच्या थरावर ठेवतात, फिका करतात आणि कुलूपबंद करतात. त्याची एक मूळ प्रत शेजारी मोकळी ठेवलेली बरी, कारण रेषांखाली दबलेला फोटो थोड्याच वेळात खरा रंग सांगेनासा होतो. आणखी एका प्रतीतले रंग पाच-सहा छटांवर आणले, तर छायेच्या हद्दी नकाशातल्या सीमांसारख्या उघड दिसतात. नवशिक्याला याने मोठा आधार मिळतो. पण त्या हद्दी जशाच्या तशा गिरवायच्या नसतात. यंत्राला गालाचा बाक आणि गालावरचा डाग यांतला फरक कळत नाही. तो चित्रकारानेच ठरवायचा.

रेषा काढताना पहिला नियम बिंदू कमी ठेवण्याचा. संपूर्ण वर्तुळाला चारच बिंदू पुरतात. प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२ पट ठेवली, तर चूक हजारात एका भागापेक्षाही कमी राहते. याचाच धडा चेहऱ्याला लागू पडतो. गणपतीच्या गंडस्थळाची फुगीर कड दोन-तीन बिंदूंत मावते, आणि तीच वीस बिंदूंत काढली की खडबडीत होते. बिंदू ठेवायचे ते वक्राच्या अगदी वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकांवर, जिथे रेषा दिशा बदलते. दोन हँडल एका ओळीत असली तर वळण गुळगुळीत येते, तुटली तर कोपरा पडतो. कोरलमध्ये एफ-१० दाबून शेप टूल घेतले की कोणते बिंदू फालतू आहेत ते लगेच दिसते. ते काढून टाकण्याचा कंटाळा करू नये, कारण पुढे रंग भरताना प्रत्येक फालतू बिंदू त्रास देतो.

छाया भरण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला साधा ग्रेडियंट, ज्याला कोरलमध्ये फाउंटन फिल म्हणतात: रंग एका दिशेने किंवा मध्यापासून बाहेर बदलत जातो. मण्याला, नाण्याला, मुकुटाच्या पट्टीला तो पुरतो. दुसरा ब्लेंड: एक गडद आकार, त्याच्या आत एक फिका आकार, आणि दोघांमधल्या पायऱ्या संगणकाने रचायच्या. शेल्याच्या चुण्या यानेच चांगल्या होतात, कारण चुणीची एक कड मऊ असते आणि दुसरी तीक्ष्ण. तिसरा आणि सर्वांत समर्थ मार्ग ग्रेडियंट मेश. आकारावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी टाकतात आणि प्रत्येक छेदाला स्वतंत्र रंग देतात. मधल्या जागेत रंग आपोआप एकमेकांत विरत जातात. यामागचे गणित अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या स्टीव्हन कून्स यांचे. चार वक्रांनी वेढलेला पृष्ठभाग त्या वक्रांवरूनच सलग कसा भरून काढावा, हे त्यांनी १९६० च्या दशकात मांडले. इलस्ट्रेटरमध्ये हे साधन १९९८ च्या सुमारास आले, आणि व्हेक्टरमध्ये फोटोसारखे चित्र काढण्याचा छंद जगभर पसरला तो त्यानंतर. इंकस्केपमध्ये जाळी २०१७ साली मिळाली.

जाळीची एक अट असते, ती म्हणजे तिच्या ओळी आणि रकाने मोडत नाहीत. म्हणूनच सोंड हा मेश शिकण्याचा सर्वांत चांगला धडा आहे. एक उभा आयत घ्यावा, त्यावर थोड्या आडव्या आणि तीन-चार उभ्या रेषा टाकाव्यात, मग आयताचे बिंदू सरकवून त्याला सोंडेचे वळण द्यावे. आडव्या रेषा आपोआप सोंडेच्या वळ्यांबरोबर फिरतात आणि उभ्या रेषा लांबीबरोबर खाली उतरतात. उजेडाच्या बाजूच्या रकान्याला फिका गुलाबी-पिवळा, मधल्याला मूळ रंग, सावलीच्या बाजूला तपकिरी असा भर दिला की सोंड गोल होते. सर्वांत गडद रंग अगदी कडेला द्यायचा नाही. कडेच्या किंचित आत द्यायचा आणि कडेवर पुन्हा थोडा उजेड ठेवायचा, कारण मागच्या वस्तूंवरचा प्रकाश तिथे परतून आलेला असतो. या एका पट्टीमुळे आकार पाठीमागच्या भागापासून सुटा दिसतो. याउलट कान, गाल आणि कपाळ एकाच जाळीत बसवण्याचा हट्ट केला, तर जाळीचा गुंता होतो. चेहऱ्याचे भाग वेगळे करून, प्रत्येकाला त्याची जाळी देऊन, जोडावर पारदर्शक छायेचा पट्टा टाकणे केव्हाही सोपे.

मूर्तीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कसलेल्या हाताकडून होते. व्हेक्टर चित्रातही डोळा चुकला की बाकीचा सारा खटाटोप वाया जातो, म्हणून तो जवळून पाहण्यासारखा आहे. बुबुळाभोवतीचा भाग पांढरा दिसतो, पण शुद्ध पांढरा तिथे कुठेच नसतो. कोपऱ्यांत तो गुलाबी-करडा असतो आणि वरच्या पापणीखाली निळसर-करडा. आधी बदामी आकार काढून त्यात छोटी जाळी भरतात. त्यावर बुबुळाचे वर्तुळ येते, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या ग्रेडियंटचे, कडेला गडद होत जाणारे. बुबुळातल्या बारीक शिरांसाठी एक गडद आणि एक फिकी रेघ काढून ती मध्याभोवती फिरवत तिच्या प्रती करतात, आणि मग काही रेघा मुद्दाम लहान-मोठ्या करतात. सारख्या ठेवल्या तर सायकलच्या चाकाचे आरे दिसतात. बाहुली काळी भरायची, पण तीही नुसत्या काळ्याने नाही, त्यात थोडा तपकिरी हवा. यानंतर येतो तो थर, जो नवशिके हमखास विसरतात: वरच्या पापणीची सावली. पापणीच्या कडेला समांतर असा गडद, खाली विरत जाणारा पट्टा पांढऱ्या भागावरून आणि बुबुळावरून सलग जातो. तो नसला तर डोळा वटारलेला दिसतो. तो पडला की बुबुळ खोबणीत जाऊन बसते आणि नजरेला शांतपणा येतो.

शेवटी प्रकाशबिंदू. मूर्तीच्या बाबतीत इथे एक खास पेच असतो. मूर्तिकाराने डोळ्यात पांढरा ठिपका बहुधा स्वतःच रंगवलेला असतो, आणि वर चकाकी असली तर फोटोत खोलीतल्या दिव्याचा दुसरा ठिपकाही उमटतो. दोन्ही ठेवले तर डोळा काचेचा वाटतो. रंगवलेला ठेवावा आणि दिव्याचा काढावा, कारण पहिला मूर्तिकाराने विचारपूर्वक ठेवलेला असतो आणि दुसरा केवळ फोटो काढण्याच्या क्षणी तिथे सापडलेला. या ठिपक्याची कड मात्र धारदार हवी. संपूर्ण चित्रात शुद्ध पांढरा वापरायची परवानगी जणू इथे आणि दागिन्यांच्या टोकांवरच असते. तो इतरत्र उधळला तर डोळ्यातली चमक उठत नाही.

दागिन्यांचा हिशेब कातडीच्या उलट चालतो. कातडीत छाया हळूहळू बदलते, धातूत ती झटक्याने बदलते. सोने पिवळ्या रंगाने होत नाही. मुकुटाच्या एका पट्टीत जवळजवळ काळा तपकिरी, तांबूस, गडद केशरी, पिवळा, सायीचा फिका रंग आणि पुन्हा एकदम गडद असे सात-आठ रंग एकाच ग्रेडियंटमध्ये खेटून बसवावे लागतात. धातू आसपासच्या वस्तू स्वतःत दाखवतो, म्हणून लाल शेल्याशेजारच्या बाजूबंदात लाल उतरलाच पाहिजे. एवढे पाळले तर नक्षीचे बारकावे कमी असूनही मुकुट सोन्याचा वाटतो, आणि न पाळले तर कितीही बारीक नक्षी काढा, तो पिवळ्या पुठ्ठ्याचा राहतो.

जास्वंदीच्या हारात वेळ वाचवण्याचा मोह होतो. एक फूल नीट काढायचे आणि त्याच्या प्रती फिरवून हार भरायचा. फूल फिरवले की त्याच्यावरची सावलीही फिरते. मग एका फुलावर उजेड डावीकडून पडतो, दुसऱ्यावर खालून, आणि हार विस्कटल्यासारखा दिसतो. यावर उपाय असा: पाकळ्यांचे आकार चार-पाच प्रकारचे करून ते हवे तसे फिरवावेत आणि उजेड-सावलीचा थर संपूर्ण हारावर एकदाच, वेगळा टाकावा.

फोटो देऊन ट्रेसची आज्ञा दिली की सॉफ्टवेअर काही क्षणांत त्याचे व्हेक्टर करून देते, आणि ते दुरून हुबेहूब दिसतेही. पण त्यात हजारो वेडेवाकडे तुकडे असतात. मुकुटाचा रंग बदलायचा तर कोणता तुकडा मुकुटाचा आणि कोणता कपाळाचा हे कुणालाच सांगता येत नाही. बोधचिन्हाच्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनला ही सोय ठीक. चेहऱ्याला ती नको.

चित्र पूर्ण झाले तरी ते छापखान्यात नीट पोहोचणे हे निराळे काम आहे. पडद्यावरचा केशरी प्रकाशाचा असतो, फ्लेक्सवरचा शाईचा. निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांत तो भडकपणा येत नाही, म्हणून काम सुरुवातीपासून सीएमवायके रंगांत करावे आणि छोटा नमुना छापून पाहावा. इलस्ट्रेटरचे नेहमीचे पान २२७ इंचांपेक्षा, म्हणजे जेमतेम १९ फुटांपेक्षा, मोठे होत नाही. नव्या आवृत्त्यांत मोठे पान मिळते, तरी २० फुटी फलक एकास दहा या प्रमाणात २४ बाय १२ इंचांवर करणे सुटसुटीत. कोरलचे पान याहून कितीतरी मोठे होते, ते फलक छापणाऱ्यांना सोयीचे पडते. धूसर सावलीसारखे परिणाम मात्र दोन्हीकडे आतून ठिपक्यांचेच असतात आणि दहापट मोठे झाल्यावर उघडे पडतात, म्हणून मोठ्या फलकासाठी सावली ब्लेंडने काढलेली बरी. मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट छापणाऱ्याकडे नसेल, तर ‘आगमन सोहळा’च्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह केले की ती भीती राहत नाही. त्याआधी मजकूर कुणाकडून तरी तपासून घ्यावा, कारण कर्व्ह झालेल्या अक्षरांत वेलांटी दुरुस्त करता येत नाही.

२०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यावर मंडपांत प्लाय आणि पुठ्ठ्याची कटाई वाढली. कटाईच्या यंत्राला रंग कळत नाही. त्याचे पाते किंवा लेसर फक्त रेषेवरून चालते. त्याला एकच बंद, सलग, कमी बिंदूंची बाह्यरेषा लागते, जाळी आणि पारदर्शक थर त्याच्या उपयोगाचे नाहीत. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगला त्याच चित्राची दोन-तीन सपाट रंगांतली आवृत्ती लागते. म्हणून एकाच फाईलमध्ये थरांना स्पष्ट नावे दिलेली असावीत: संदर्भ फोटो, चेहरा, डोळे, दागिने, वस्त्र, हार, सावली, मजकूर, कटाईची रेषा. छापणाऱ्याला पीडीएफ द्यावी आणि थरांसहची मूळ फाईल मंडळाकडे राहू द्यावी. पुढच्या वर्षी मूर्तीची बैठक बदलली, तर वस्त्र आणि सावली नव्याने काढावी लागते. मुकुट, बाजूबंद आणि हाराच्या पाकळ्या मात्र त्या फाईलमधून थोड्या फेरफाराने पुन्हा वापरता येतात.